मेझो-सोप्रानो, व्हाया कल्याण

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात गाण्याच्या क्लासला तोटा नाही. संध्याकाळी कुळगावात, कात्रपला किंवा अंबरनाथच्या कानसई भागात चक्कर मारली, तर एखाद्या सोसायटीतून हार्मोनियमचा भाता हलताना हमखास ऐकू येतो. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद ही चढण इथल्या आईबापांना तोंडपाठ आहे. शेजारच्या कल्याणात १९२६ पासूनचा कल्याण गायन समाज आहे. उल्हासनगरात सिंधी कलामांची आणि भगतांची परंपरा फाळणीनंतर निर्वासितांच्या छावण्यांबरोबर आली, ती अजून पुरती पुसलेली नाही. थोडक्यात, गाणारे गळे आहेत, शिकवणारे आहेत आणि ऐकणारेही आहेत.

आता यातल्याच एखाद्या मुलीनं घरी सांगितलं, की मला ऑपेरात गायचंय, आणि तेही मेझो-सोप्रानो म्हणून, तर घरातून दोन प्रश्न येतील. एक, ते काय असतं? दोन, त्यात पोट भरतं का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरं मराठीत एका जागी सहसा मिळत नाहीत. म्हणून हा आढावा. माझं मत आधीच सांगून टाकतो. गळ्याच्या बाबतीत इथल्या मुलीला मेझोची वाट सोप्रानोच्या वाटेपेक्षा जवळची आहे. अडतं ते बाकी सगळ्यात, आणि ते बाकीचं थोडंथोडकं नाही.

ऑपेरात बायकांच्या आवाजाचे ढोबळमानानं तीन वर्ग मानतात. सगळ्यात उंच सोप्रानो, सगळ्यात खोल कॉन्ट्राल्टो आणि या दोहोंच्या मध्ये मेझो-सोप्रानो. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचं तर मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे पियानोवरचा मिडल सी धरा. सोप्रानोची हद्द साधारण तिथून सुरू होते आणि दोन सप्तकं वर जाते. मेझोची हद्द त्याच्याखाली, मंद्रातल्या पांढरी सहापासून सुरू होऊन दोन सप्तकं वरच्या पांढरी सहापर्यंत. कॉन्ट्राल्टो आणखी दोन सूर खालून.

आता आपल्याकडे या. ख्याल गाणारी बाई बहुधा काळी चार किंवा काळी पाचला सा लावते, आणि ही काळी चार मिडल सीच्या खालची असते. म्हणजे तिचा मंद्र पंचम मेझोच्या हद्दीच्याही खाली उतरतो आणि तार पंचमाला ती सोप्रानोच्या चढाईच्या जेमतेम मध्यावर असते. युरोपच्या फूटपट्टीनं मोजलं तर आपल्या शास्त्रीय संगीतातल्या बहुतेक गायिका मेझो आणि कॉन्ट्राल्टो यांच्या मुलखात वावरतात. ज्याला आपण ‘बायकांचा आवाज’ म्हणतो तो तिकडे खालचा आवाज ठरतो. ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही, कारण ‘ऑपेरा’ म्हटलं की काच तडकवणारी किंकाळीच डोळ्यांपुढे येते.

हार्मोनियम हाताशी असेल तर लगेच करून बघता येईल अशी एक गोष्ट. बिझेच्या ‘कार्मेन’मधलं हाबानेरा हे मेझोचं जगातलं सगळ्यात ओळखीचं गाणं. ते वरच्या पांढरी दोनपासून सुरू होतं आणि काळी-पांढरी एकही पट्टी न वगळता पायरीपायरीनं खाली सरकत येतं. अख्ख्या गाण्यात गळा खालच्या पांढरी दोनच्या खाली जात नाही आणि वरच्या काळी तीनच्या वर चढत नाही. सव्वा सप्तकाचा खेळ. बदलापूरची प्रवेशिकेची विद्यार्थिनी हे सूर लावू शकेल. वरचे एक-दोन सूर पातळ पडतील, पण लागतील. मग कार्मेन अवघड कशात आहे? साठ-सत्तर वाद्यांच्या ऑर्केस्ट्रापुढे, माइक नसताना, हजार माणसांच्या थिएटरात शेवटच्या रांगेपर्यंत ते पोचवायचं, आणि तेही फ्रेंचमध्ये, नाचत आणि समोरच्या शिपायाला गुंडाळत.

इथं एक सावधगिरीची सूचना. आवाजाची हद्द म्हणजे आवाजाची जात नव्हे. उंच सूर लागतो म्हणून कुणी सोप्रानो होत नाही आणि खर्ज लागतो म्हणून मेझो. तासन्‌तास गळा कुठल्या सुरांत न थकता राहतो, आवाजाचा रंग कसा आहे आणि छातीच्या आवाजातून डोक्याच्या आवाजात जाताना सांधा नेमका कुठे येतो, हे तिन्ही बघून शिक्षक मत बनवतात. शहाणा शिक्षक तर विशीच्या मध्यापर्यंत ठाम शिक्का मारतच नाही. त्यात आपल्या मुलींची एक खास अडचण असते. ख्यालाच्या तालमीत छातीचा आवाज पक्का होतो, पण तार गंधार-मध्यमाच्या पलीकडचा मुलूख बहुधा ओसाड राहतो. तिथं गेलं की आवाज एकदम बारीक होतो किंवा फाटतो. मेझोच्या तालमीतली पहिली दोन-तीन वर्षं हा सांधा बेमालूम करण्यातच जातात. खर्जाचा रियाझ ज्या मुलीनं चिकाटीनं केलाय तिला हे काम परकं वाटणार नाही.

माइकशिवाय ऑर्केस्ट्राला पुरून उरणं हा चमत्कार नाही, त्यामागे पदार्थविज्ञान आहे. स्वीडनच्या योहान सुंडबर्ग यांनी १९७० च्या दशकात ते नीट मोजून दाखवलं. ऑर्केस्ट्राचा जोर साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास सर्वाधिक असतो आणि पुढे ओसरत जातो. तालीम झालेला गायक स्वरयंत्र जरा खाली ठेवून त्याच्यावरच्या पोकळीला असा आकार देतो, की आवाजातली ऊर्जा ३,००० हर्ट्झच्या आसपास एकवटते. तिथं ऑर्केस्ट्रा दुबळा असतो आणि माणसाचा कान सगळ्यात तिखट. म्हणजे गायक जास्त जोरानं ओरडत नसतो, तो गर्दी नसलेल्या दारानं आत शिरतो. हे पुरुषांत आणि खालच्या पट्टीच्या स्त्री-आवाजांत अधिक स्पष्ट दिसतं. फार उंच सोप्रानो सूरच इतक्या वर नेतात, की त्यांना ही युक्ती तितकीशी लागत नाही.

ही विद्या आपल्या मातीत अगदीच नव्हती असं नाही. बालगंधर्व, केशवराव भोसले यांच्या काळातली नाट्यगृहं माइकशिवायच चालली. कीर्तनकार देवळाच्या मंडपात रात्र जागवायचे. उल्हासनगरच्या सिंधी घरांत ज्यांचा फोटो अजून हमखास दिसतो ते भगत कंवरराम (१८८५–१९३९) उघड्या मैदानात रात्रभर गात नि नाचत. मग माइक आला. आवाज पोचवण्याची गरज संपली आणि हळू, मृदू, कानाशी कुजबुजणारं गाणं जन्माला आलं. त्यात वाईट काही नाही, सिनेसंगीताची सगळी श्रीमंती त्यातूनच आली. पण त्या भरात आपण एक गोष्ट गमावली. पोचणारा आवाज म्हणजे कर्कश आवाज, असं एक समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलं.

दुसरं समीकरण त्याहून घातक. बाईचा आवाज म्हणजे बारीक आणि गोड. सुगम संगीताच्या स्पर्धांत बघा, खालच्या पट्टीत सहज गाणाऱ्या मुलीला ‘जरा वरची पट्टी घे, आवाज उठत नाही’ असं सांगणारे परीक्षक अजून भेटतात. मुलगी बिचारी काळी पाचला गळा ताणते आणि चार वर्षांत आवाज खरखरीत करून बसते. शाळेच्या समूहगीतात तिला मुलांच्या ओळीत उभं करतात, तेव्हा वर्ग हसतो. एखादा मेझो तयार होण्याआधीच मोडतो तो इथं.

खरं तर मराठी कानांनी भारदस्त बाईगळ्याला एके काळी डोक्यावर घेतलेलं आहे. गोव्यात केरीला जन्मलेल्या केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांचा आवाज कुणी नाजूक म्हटला नसता, आणि १९७७ साली व्हॉयेजर यानातून जी तबकडी अंतराळात गेली तिच्यावर भारताचं म्हणून जे एकमेव गाणं आहे ते त्यांचं, भैरवीतलं. गंगूबाई हनगल (१९१३–२००९) यांची हकिकत तर आपल्या विषयाला जवळपास तंतोतंत लागू पडते. धारवाड-हुबळीकडच्या गंगूबाईंचं नाव महाराष्ट्रात घरच्यासारखं घेतलं गेलं. त्यांच्या सुरुवातीच्या तबकड्यांमधला आवाज उंच आणि पातळ आहे. पुढे घशाच्या दुखण्यानंतर आणि त्यावरच्या उपचारानंतर तो इतका खाली उतरला, की न बघता ऐकणाऱ्याला पुरुष गातोय असं वाटावं. दुसऱ्या कुणी तंबोरा खुंटीला टांगला असता. त्यांनी त्याच आवाजात किराणा घराण्याची शिस्तबद्ध बढत मांडली, सवाई गंधर्वांची तालीम त्या गळ्यातून जिवंत ठेवली आणि २००२ मध्ये पद्मविभूषण मिळवलं. २००६ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, त्या शेवटच्या मैफलीला बसल्या. आवाजाची जात बदलली तरी कारकीर्द संपत नाही, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही. ऑपेराच्या जगात मेझो क्रिस्टा लुडविग (१९२८–२०२१) १९४० च्या दशकात उभ्या राहिल्या आणि १९९४ ला निरोप घेतला. खालचा आवाज उशिरा पिकतो आणि उशिरा उतरतो, ही मेझोच्या धंद्यातली मोठी जमेची बाजू.

तोट्याची बाजू भूमिकांची. नायिका बहुतेक वेळा सोप्रानोला मिळते. मेझोच्या वाट्याला येतात त्या चेटकिणी, दाया, सूडाला पेटलेल्या आया, नायिकेच्या वैरिणी आणि मिसरूड न फुटलेली पोरं. व्हेर्दीच्या ‘इल त्रोवातोरे’मधली आझुचेना ही सूडाला पेटलेली आई, ‘आइदा’तली आम्नेरिस ही वैरीण. मोझार्टच्या ‘फिगारो’तला केरुबिनो, हुम्पर्डिंकचा हान्सेल, रिचर्ड स्ट्राउसचा ऑक्टेव्हियन ही पोरं. खरीखुरी नायिका म्हणून कार्मेन, सेंट-सान्सची दलीला आणि रोसिनीच्या रोझिना आणि चेनेरेन्तोला. रोझिना तर मूळची खालच्याच आवाजाची. सोप्रानोंनी ती पुढे वर ओढून नेली, आणि विसाव्या शतकात तेरेसा बेर्गान्सा, मॅरिलिन हॉर्न यांच्या पिढीनं ती परत मेझोच्या ताब्यात आणली. माझं विचाराल तर तोट्याची म्हणतात तीच बाजू खरी मजेची आहे. आम्नेरिसचा चौथा अंक एकदा ऐका, म्हणजे आइदा कोण होती हेसुद्धा विसरायला होतं.

पोरांच्या भूमिकांवरून मराठी माणसाला आपली रंगभूमी आठवल्याशिवाय राहणार नाही. तिकडे बायका मुलगे झाल्या, इकडे नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व भामिनी आणि रुक्मिणी झाले. दोन्हीकडे प्रेक्षकांनी ते बिनतक्रार स्वीकारलं. १८८० च्या ‘शाकुंतल’पासून पुढची पन्नास वर्षं संगीत नाटक हा महाराष्ट्राचा ऑपेराच होता, फक्त त्यात बाईला जागा नव्हती. आणि गंमत अशी, की इटालियन ऑपेराचं बी मुंबईत खरोखर रुजलं ते मराठीत नव्हे तर कोकणीत. लुकाझिन्यो रिबेरो हा गोवेकर मुंबईत आलेल्या एका इटालियन ऑपेरा कंपनीबरोबर हिंडला, तिथला तामझाम बघून आला, आणि १७ एप्रिल १८९२ ला मुंबईत ‘इटालियन भुरगो’ नावाचा पहिला तियात्र, म्हणजे गाण्यांचं कोकणी नाटक, रंगमंचावर आला. १९०४ मध्ये रेजिना फर्नांडिस तियात्राच्या रंगमंचावर उभी राहिली. मराठी संगीत नाटकात घरंदाज बाईनं उभं राहायला त्यानंतर बरीच वर्षं लागली. हिराबाई बडोदेकर, १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’मधल्या ज्योत्स्ना भोळे, मग जयमाला शिलेदार. कीर्ती शिलेदार (१९५२–२०२२) ही त्या परंपरेची शेवटची पूर्णवेळ गायिका-नटी म्हणायला हरकत नाही. २०१८ च्या मुलुंडच्या नाट्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. पाठांतर, गळा, अभिनय, दौरे, प्रपंच हे सगळं एका आयुष्यात बसवायचं कसं, हे ऑपेरात जाऊ पाहणाऱ्या मराठी मुलीनं शिलेदार मायलेकींच्या चरित्रातून शिकावं. मिलानला जायची गरज पडायच्या कितीतरी आधीची ती शिकवणी आहे.

दोन संगीतांमध्ये पूल बांधू पाहणारेही आपल्याकडे झाले. कुमार गंधर्वांचे गुरू बी. आर. देवधर (१९०१–१९९०) मुंबईत प्रोफेसर स्क्रिंझी यांच्याकडे पाश्चात्य संगीत शिकले आणि आवाज कमावण्याचं शास्त्र हा विषय त्यांनी आयुष्यभर लावून धरला. त्यांची शाळा ऑपेरा हाऊसच्या परिसरात होती, हा योगायोग मला फार आवडतो. पुढे अशोक दा. रानडे यांनी तोच धागा व्हॉइस कल्चरच्या कार्यशाळांमधून नाटकवाल्यांपर्यंत नेला. दुर्दैवानं गाण्याच्या क्लासपर्यंत तो उतरला नाही.

ज्या ऑपेरा हाऊसवरून त्या भागाला नाव मिळालं, ते रॉयल ऑपेरा हाऊस १९११ मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते उघडलं. तिथं ऑपेरापेक्षा नाटकं आणि सिनेमेच जास्त झाले. १९९३ ला ते बंद पडलं, आभा नारायण लांबा यांनी त्याची डागडुजी केली आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पुन्हा उघडलं, तेव्हा पहिली मैफल पॅट्रिशिया रोझारियो यांची झाली. मुंबईत १९६० ला जन्मलेल्या, लंडनच्या गिल्डहॉलमध्ये शिकलेल्या रोझारियो सोप्रानो आहेत. जॉन टॅव्हनर या इंग्रज संगीतकारानं खास त्यांच्या आवाजासाठी बऱ्याच रचना केल्या. २००९ पासून त्या आणि त्यांचे पियानोवादक पती मार्क ट्रूप ‘गिव्हिंग व्हॉइस टू इंडिया’ या नावानं भारतात येऊन तरुण गळ्यांना शिकवत आलेत. त्यांच्या तालमीतून गेलेला मुंबईचा बॅरिटोन ऑस्कर कास्तेलिनो लंडनच्या रॉयल कॉलेजपर्यंत पोचला. त्याआधीच्या पिढीत, १९६० च्या दशकात, बॉम्बे मॅड्रिगल सिंगर्सच्या प्रयोगांमधून सेलिया लोबो यांनी मुंबईच्या रंगमंचावर मुख्य भूमिका केल्या. त्याही सोप्रानोच. भारतातल्या ऑपेरा-गायकांची नावं घ्यायला बसलं की अशी सोप्रानो, टेनर, बॅरिटोन यांचीच आधी ओठांवर येतात. मेझोची खुर्ची रिकामी आहे म्हणा ना.

दुसरं ठाणं नरिमन पॉइंटचं एनसीपीए, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स. १९६९ ची ही संस्था. तिचं जमशेद भाभा थिएटर १९९९ ला सुरू झालं आणि २००६ मध्ये तिथं सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला. ऑपेराचे पूर्ण प्रयोग तिथं अधूनमधून होतात. मुख्य भूमिकांना बहुधा परदेशी गायक येतात. मुंबईबाहेर चेन्नईला ए. आर. रहमान यांचं २००८ पासूनचं केएम कॉन्झर्व्हेटरी आहे, गोव्यात कला अकादमी आणि चर्चच्या संगीतशाळांची जुनी बैठक आहे. यादी एवढीच, थोडीफार इकडेतिकडे. बारमाही पगार देणारी ऑपेरा कंपनी देशात एकही नाही. म्हणजे आईबापांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं, की भारतात राहून नुसत्या ऑपेराच्या भूमिकांवर पोट भरत नाही. पाश्चात्य गायन शिकवून, शाळांचे कॉयर चालवून, लग्नाच्या प्रार्थनासभांत गाऊन, जिंगलमध्ये आवाज देऊन भरतं. शिकवण्याला तर मागणी वाढतेच आहे.

परदेशी वाट लांब आहे, पण अगम्य नाही. आधी ट्रिनिटी किंवा एबीआरएसएमच्या आठ ग्रेड. यांना गांधर्वच्या परीक्षांचे चुलतभाऊ समजा, फक्त इथं समोर ठेवलेला कागद पहिल्यांदाच बघून गाता यावा लागतो. आपल्या मुली नेमक्या इथं अडतात. गुरुमुखातून ऐकून उचलण्यात त्या तरबेज असतात, स्टाफ नोटेशन बघितलं की बोबडी वळते. वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी कीबोर्ड हाती आला तर हे संकट टळतं. मग इटालियन, जर्मन, फ्रेंच यांचे निदान शुद्ध उच्चार. काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकता येतं. त्यानंतर संगीत महाविद्यालय. ब्रिटन-अमेरिकेत परदेशी विद्यार्थ्याची फी मध्यमवर्गीय घराला गहाण टाकायला लावते. जर्मनीत बहुतेक सरकारी संगीत महाविद्यालयांत शिक्षण शुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून युरोपबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो पडतात, तेही ब्रिटनच्या मानानं किरकोळ. फक्त प्रवेशाची ऑडिशन तिखट असते आणि वयाची अट बघावी लागते. त्यामुळे इथल्या घराला परवडेल अशी खरी वाट मला जर्मनीचीच दिसते.

तिथं जनतेच्या पैशावर चालणारी ऐंशीच्या आसपास ऑपेरागृहं आहेत, आणि बहुतेक ठिकाणी पगारी गायकांचा संच असतो. करारात तुमच्या आवाजाचा वर्ग लिहितात. लिरिक मेझो, ड्रॅमॅटिक मेझो असे पोटभेद असतात आणि त्या वर्गातल्या भूमिका तुम्ही करायच्या. सुरक्षितता आहे, पण बेतानंच. एकाच ठिकाणी पंधरा वर्षं झाली की गायकाला सहज काढता येत नाही, म्हणून कित्येक गृहं चौदाव्या वर्षाच्या आसपास करार वाढवतच नाहीत. त्यापेक्षा तिथल्या कोरसमधली नोकरी अधिक भक्कम असते. पगार बरा, दौरे कमी, घर-संसार सांभाळता येतो, आणि कोरसमध्ये खालची ओळ चांगली गाणाऱ्या बायकांना जागा कायम असते. आपल्याकडे ‘कोरसमध्ये गाते’ म्हटलं की नाक मुरडतात. ते सोडायला हवं. फ्रीलान्स सोलोइस्टचं आयुष्य सुटकेसमधलं असतं. प्रयोगाला फी, त्यातून एजंटचा वाटा, आणि सर्दी झाली तर त्या रात्रीचे पैसे गेले.

आणि सगळ्यांनी विशीतच सगळं झोकून द्यावं असंही नाही. ब्रिटनची मेझो जॅनेट बेकर शाळा सुटल्यावर बँकेत नोकरी करत कॉयरमध्ये गात होती. कॅथलीन फेरियर (१९१२–१९५३) टेलिफोन ऑपरेटर होती. १९३७ मध्ये कार्लाइलच्या स्पर्धेत ती पैजेखातर उतरली आणि शतकातल्या सर्वश्रेष्ठ कॉन्ट्राल्टोंमध्ये गणली गेली. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या पगारावर दोन पिढ्या वाढवलेल्या अंबरनाथला हा हिशेब वेगळा समजवायला नको.

आता पुन्हा आपल्या पट्ट्यात. सीएसएमटीपासून उल्हासनगर सुमारे ५८ किलोमीटर, अंबरनाथ ६०, बदलापूर ६८. नरिमन पॉइंटची तालीम संध्याकाळी सातला असेल तर कॉलेज अर्धं सोडून निघावं लागतं, आणि परतताना शेवटच्या कर्जत लोकलचा हिशेब डोक्यात ठेवूनच वरचे सूर लावावे लागतात. महिलांच्या डब्यात दीड तास मोठ्यानं बोलत आलेली मुलगी उतरल्यावर गाऊ शकत नाही, हे शिकायला एक मोसम पुरतो. वालधुनीच्या काठच्या घरांत आणि एमआयडीसीच्या वाऱ्याच्या दिशेला राहणाऱ्यांच्या घशाचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. रियाझाचा प्रश्न तर सगळ्यात बिकट. तंबोऱ्यावरचा खर्ज भिंतीपलीकडे जात नाही. ३,००० हर्ट्झला एकवटलेला आवाज मात्र चार मजले वर जातो आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उतरतो.

तरीही आज, बदलापुरात बसून, करता येण्यासारखं बरंच आहे. पहिली पायरी सोलो नव्हे, कॉयर. मुंबईत १९५६ चं परांज्योती अकॅडमी कोरस आहे. व्हिक्टर परांज्योतींनंतर कूमी वाडिया यांनी ते अनेक दशकं चालवलं. जवळच बघायचं तर अंबरनाथच्या फातिमा चर्चसारख्या ठिकाणी रविवारची प्रार्थना होते. चार आवाजांत गाणं म्हणजे काय हे कानाला कळायला याहून सोपी जागा नाही. आल्टोच्या ओळीत दोन वर्षं काढली, की आपला सूर धरून ठेवायचा, शेजारच्या सुरात वाहून जायचं नाही आणि तरीही त्याला जुळवून घ्यायचं, हे अंगात मुरतं. आपल्या एकल गाण्याच्या परंपरेत नेमकं हेच शिकवलं जात नाही. ख्यालाची तालीम सोडायची गरज नाही. दोन्ही पद्धतींत आवाज वेगवेगळ्या तऱ्हेनं लावायचा असतो, हे सांगणारा शिक्षक मात्र हवा. नाहीतर दोन्हीचा चिवडा होतो.

इथल्या पालिकांना एक सांगणं. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळ आर्ट फेस्टिव्हल भरतो, मोठे कलाकार येतात, ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या राहतात. त्या खर्चाच्या एका कोपऱ्यात एक चांगला पियानो बसतो. तो एखाद्या सभागृहात ठेवावा, वर्षातून दोनदा जुळवून घ्यावा आणि संध्याकाळी दोन तास शिकणाऱ्यांना मोकळा करावा. तिन्ही शहरांनी मिळून एक ठेवला तरी चालेल.

आणि गाण्याच्या क्लासच्या बाईंना, सरांना एक विनंती. पुढच्या वेळी खालच्या पट्टीत सहज, भरदार गाणारी मुलगी समोर बसली, तर तिची पट्टी वर ढकलू नका. जिथं तिचा आवाज मोकळा लागतो तिथंच तिला वर्षभर गाऊ द्या, आणि तिच्या आईला एवढंच सांगा, की या आवाजाला जगात मेझो-सोप्रानो म्हणतात आणि त्याची नोकरीही असते.